ती विसरली नव्हती

आमच्या भाऊबंदांत माझ्या बायकोची आठवण निघाली की कोणी ना कोणी म्हणतेच, "हाताला चव होती तिच्या, पण बिचारी विसरभोळी." मग दुसरे कोणीतरी ती गोष्ट सांगते. दवाखान्यात औषध चढवण्याआधी घरी घ्यायच्या गोळ्या ती विसरली आणि जाता जाता वाचली, ती गोष्ट. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, मायाच असते. मी तिथेच बसलेला असतो. खाली बघत चहा पीत असतो.

ती विसरभोळी नव्हती. सुरतेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे शेजारणी तिला विचारत. कोणाच्या बाळाचा कोणता डोस राहिला, गॅसची टाकी कधी लावली, माझ्या आईची तिथी इंग्रजी महिन्यात कधी पडते, सगळे तिच्या डोक्यात असे. मी चष्मा शोधत फिरायचो आणि ती पोळी लाटता लाटता, मागे वळूनही न बघता सांगायची, "टीव्हीवर." खरेच टीव्हीवर असायचा. तिला जाऊन तीन वर्षे होत आली, आणि अजून एखादी वस्तू सापडली नाही की मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो. क्षणभर थांबतो. मग स्वतःच शोधतो.

मी लूमच्या कारखान्यात चेकर आहे. मागावरून उतरलेला कापडाचा ताका टेबलावरून ओढत न्यायचा, खाली ट्यूबलाइट असते, त्या उजेडात धागा कुठे तुटला, कुठे तेलाचा डाग पडला ते बघायचे आणि खूण करायची. बावीस वर्षे हेच करतो आहे. या कामात एक सवय लागते. शेठ येतो, विचारतो, "आ जोयूं?" आपण म्हणायचे, "हा शेठ, जोयूं." बघितले असो वा नसो. "नाही" म्हटले की बोलणी बसतात, "हा" म्हटले की दहा मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात बघून होते. आमच्याकडे सगळेच असे करतात. यात खोटे बोलतो आहोत असे कोणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हते.

तिच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झाले, मग औषधे चढवणे सुरू झाले. आधी लाल रंगाचे औषध चार वेळा. त्यात केस गेले, तोंड आले, पण तिने ते काढले. मग डॉक्टरबाईंनी दुसरे औषध सुरू केले, दर तीन आठवड्यांनी एकदा. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले होते की हे औषध चांगले आहे, तुमच्या आजाराला लागू पडणारे आहे, पण काही जणांचे शरीर त्याला शत्रू समजते आणि एकदम उसळते. श्वास अडकू शकतो. म्हणून आधी शरीराला शांत करायचे. आदल्या दिवशी रात्री जेवून पाच गोळ्या, पहाटे काहीतरी खाऊन पुन्हा पाच. सिस्टरने तेच पुन्हा गुजरातीत सांगितले, "आ गोळी वगर दवा नहीं चढे, हों भाई."

पहिल्या वेळी तिने पहाटे उठून भाकरीचा तुकडा खाल्ला आणि मला हलवून जागे केले. तळहातावर पाच बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या.

"मोजा," ती म्हणाली.

"मी काय मोजू? तुला येतात की मोजता."

"मोजा तरी. उद्या म्हणाल, चारच घेतल्या."

मी मोजल्या. पाच होत्या. त्या वेळी औषध सुखरूप चढले. परत येताना रिक्षात तिने मला दोन वेळा सांगितले की काही म्हणजे काही झाले नाही, आणि उगाच हसली.

दुसरी वेळ आली ती श्रावणात. तारीख सोमवारची होती, आणि आदला रविवार कानबाईचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही खानदेशातले. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात. नारळाला देवीचे रूप देतात, नथ घालतात, साडी नेसवतात. घरातल्या पुरुषांच्या संख्येवर गहू मोजून घ्यायचे, ते वेगळे दळायचे, त्याचे रोट करायचे. ते रोट कुळातल्यांनीच खायचे. नैवेद्य दाखवून होईपर्यंत घरात कोणी अन्नाचा कण तोंडात घालत नाही. सोमवारी सकाळी देवी वाजतगाजत नदीवर नेतात. सुरतेतले आमचे निम्मे लोक या दिवसांत गावी जातात. लिंबायतेत, गोडादऱ्यात कितीतरी खोल्यांना कुलपे दिसतात.

त्या वर्षी आम्हाला गावी जाता येणार नव्हते. तिला ते फार लागले होते. आमचे गाव तापीकाठचे, आणि इथे सुरतेतही तापीच. लग्न होऊन ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिला नदी दाखवायला नेले होते. ती कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हे पाणी आपल्याकडूनच येतं ना?" मी म्हटले, मध्ये धरण आहे. ती म्हणाली, "असू दे. येतं तर तिकडूनच." तेव्हापासून माहेरची आठवण आली की ती म्हणायची, चला, पाणी बघून येऊ.

तर ती म्हणाली, गावी नाही तर नाही, कानबाई आपण इथेच बसवू, आपल्या खोलीत. डोक्यावर केस नाहीत, पायात त्राण नाही, आणि ही बाई गहू निवडायला बसली. मला खरे तर तिला थांबवायला हवे होते. पण मलाही मनातून हवेच होते. गावी किंवा गोडादऱ्यात मोठ्या भावाच्या घरी इतकी वर्षे पाहुण्यासारखे गेलो, या वर्षी माझ्या घरी देवी बसणार, भाऊबंद माझ्याकडे येणार. वहिनी गोडादऱ्याहून सकाळीच आली आणि तिने स्वयंपाक हातात घेतला. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती, तिने देवीची साडी नेसवली. बायको भिंतीला टेकून बसून सगळ्यांना सांगत होती, हे इकडे ठेवा, ते तिकडे नको. डोक्याला रुमाल, त्यावर पदर. फार दिवसांनी तिचा आवाज तिच्यासारखा वाटत होता.

संध्याकाळी नैवेद्य अडला. बमरोलीचा चुलतभाऊ अजून यायचा होता आणि त्याच्याशिवाय आरती नको असे सगळ्यांचे म्हणणे पडले. आठ वाजून गेले. ती उठून माझ्याजवळ आली. हातात गोळ्यांची पट्टी होती.

"जेवून घ्यायच्यात ना. वेळ झाली," ती हळूच म्हणाली. "दोन घास खाऊन घेऊ का?"

खोलीत पंधरा-वीस माणसे होती. नैवेद्याच्या आधी घरची बाई जेवली, तीही देवी तिच्याच घरी बसलेली असताना, हे कोणी बोलले नसते पण प्रत्येकाने पाहिले असते. मी तिच्या हातातून पट्टी घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"दहा मिनिटं थांब," मी म्हटले. "आरती झाली की मी देतो, आठवणीनं."

तिने माझ्याकडे पाहिले.  तिने ते काम माझ्याकडे सोपवले, एवढेच. एकोणीस-वीस वर्षांच्या संसारात आठवण ठेवायचे कोणतेही काम तिने माझ्याकडे दिले नव्हते. हे पहिले. तेही तिने दिले नव्हते, मी काढून घेतले होते.

आरती झाली. पंगत बसली. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "आमचा धाकटा आजारपणातही देवीला मागे राहिला नाही." मी वाढत होतो, आग्रह करत होतो, पाणी देत होतो. तिने दोन घास खाल्ले आणि आतल्या बाजूला जाऊन आडवी झाली, तिचा डोळा लागला. बायका गाणी म्हणत होत्या. मी केव्हा झोपलो मला कळले नाही. पहाटेही मला आठवले नाही. ती दमून इतकी गाढ झोपली होती की वहिनीनेच तिला निघायच्या वेळी उठवले.

आठवले ते रिक्षात. अंगात कालचाच सदरा होता. मोबाइल काढायला खिशात हात घातला आणि हाताला पट्टी लागली. आख्खी, एकही गोळी फोडलेली नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिले.

"राहिल्या," ती म्हणाली.

"अगं, त्या गर्दीत..."

"आता घेऊ का?"

"आता घेऊन काय उपयोग? आणि तिथे सुईतून देतातच की. आधी ती छोटी इंजेक्शनं देतात ना, ती त्याचीच असतात."

हे मला कोणी सांगितले नव्हते. मी रिक्षात बसल्या बसल्या ठरवले होते.

दवाखान्यात आमच्या आधी एक बाई होती, वापीकडची. सिस्टरने तिला विचारले आणि तिने खरे सांगितले की रात्रीच्या गोळ्या घेतल्या, सकाळच्या राहिल्या. सिस्टरने तिला परत पाठवले. पुढची तारीख घेऊन या म्हणाली. ती बाई रडकुंडीला आली होती, तिचा नवरा पिशवी उचलून निमूट चालायला लागला.  पुन्हा सुट्टी, पुन्हा रक्ताच्या तपासण्या, पुन्हा हा सगळा दिवस. आमचा नंबर आला.

"बेन, गोळी लीधी'ती ने? रात्रे ने सवारे?"

रात्री आणि सकाळी गोळ्या घेतल्या ना, हा प्रश्न सिस्टरने तिला विचारला होता. उत्तर मी दिले.

"हा हा, बद्धी लीधी." सगळ्या घेतल्या.

ताका न बघता शेठला सांगतो, अगदी तसे. पण इथे मला नंतरची दहा मिनिटे मिळणार नव्हती. बायको खुर्चीवर बसली होती, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिने ऐकले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घालून हात पुढे केला, सुई टोचायला.

आधीची इंजेक्शने झाली. मग ते औषध सुरू झाले. ती बोलत होती. खिडकीतून उड्डाणपूल दिसत होता, तिकडे बघत म्हणाली, "आते निंघनी व्हई कानबाई." आता निघाली असेल कानबाई. मग काही वेळाने म्हणाली, "वहिनीला सांगितलंय, ओटीचे तांदूळ..." आणि वाक्य तिथेच थांबले. मी पाहिले तर तिचा चेहरा लाल झाला होता. चुलीसमोर बसल्यावर होतो तसा, मग त्याहून जास्त. गळा, कान, सगळे लाल. तिने खुर्चीची दांडी धरली.

"मनी कंबर फाटी ऱ्हायनी," ती म्हणाली. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. इथे लिहिताना मी तिचे बोलणे बहुतेक सरळ मराठीत लिहिले आहे, पण हे वाक्य मला दुसरे कसे लिहिता येत नाही. त्या आवाजात ते अजून माझ्या कानात आहे.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बस, सरळ बस. होतं थोडं." मला माहीत होते काय होते आहे. तिथे तिच्याखेरीज एकट्या मला माहीत होते. तरी मी सिस्टरला हाक मारली नाही, कारण हाक मारली की ती विचारणार होती. किती वेळ गेला असेल? अर्धा मिनिट. बाजूच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या माणसाची सून ओरडली, "सिस्टर! आ बेन ने जुओ!"

सिस्टर धावली. नळी बंद केली. कोणीतरी खुर्ची आडवी केली, नाकाला ऑक्सिजन लावला, एकामागून एक इंजेक्शने दिली. तिचे ओठ काळसर झाले होते, आणि छाती वर यायची पण आत काही जात नव्हते. मला पडद्याबाहेर काढले. आत भराभर आकडे बोलले जात होते, ब्लड प्रेशरचे. मी सदऱ्याच्या खिशावर हात दाबून उभा होतो, जणू ती पट्टी स्वतःहून बाहेर येऊन बोलेल.

डॉक्टरबाई आल्या, आत गेल्या, काही वेळाने बाहेर आल्या.

"संभल गईं," त्या म्हणाल्या. "गोली बराबर ली थी ना? दोनों टाइम?"

तेव्हा सांगता आले असते. ती वाचली होती. मला काही शिक्षा होणार नव्हती. फार तर त्या ओरडल्या असत्या.

"हाँ मॅडम," मी म्हणालो.

"तो फिर ये दवा इनको नहीं दे सकते. गोली लेकर भी इतना हुआ है. बदलनी पड़ेगी."

"दुसरी दवा इतनीच अच्छी है?"

 "देखते हैं," म्हणाल्या, आणि फाइलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिले. मी ते उलटे वाचले. औषधाचे नाव आणि त्याखाली दोन रेघा. निर्दोष ताक्यावर डागाची खूण करावी तसे ते होते, आणि ती खूण माझी होती.

संध्याकाळी घरी आलो. कानबाई नदीवर जाऊन आली होती, पाट रिकामा होता. वहिनीने विचारले, उशीर का झाला. मी सांगितले, जरा त्रास झाला, औषध सोसले नाही. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पुढचे दोन आठवडे मी कामावर जात होतो, येत होतो. टेबलावरून कापड सरकत राहायचे आणि मला ते दिसायचे नाही. घरी आम्ही बोलायचो, पण त्या विषयावर नाही. रोज ठरवायचो की आज जाऊन सांगतो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत एकदा गेलोही होतो, रिक्षातून न उतरता परत आलो. रिक्षावाल्याने विचारले, "शुं थयुं, काका?" मी म्हटले, फाइल विसरलो.

ठरलेल्या दिवशी आम्ही डॉक्टरबाईंसमोर बसलो. त्या दुसऱ्या औषधाबद्दल सांगायला लागल्या. ते किती वेळा, त्याने काय होऊ शकते. मी मान हलवत होतो. मध्येच बायको बोलली. तिला हिंदी धड येत नव्हते, दवाखान्यात ती कधी बोलायची नाही.

"मॅडम, मैंने गोली नहीं खाया था," ती म्हणाली.

डॉक्टरबाई थांबल्या. "क्या?"

"वो दिन. मैं भूल गई. घर में पूजा था. इनको मालूम नहीं था. इनको मैंने बोला, खा ली."

खोलीत पंखा फिरत होता. मी तिच्याकडे पाहिले, ती माझ्याकडे बघत नव्हती. डॉक्टरबाई फार रागावल्या. जीव गेला असता, म्हणाल्या. शिकलेली नसाल पण एवढे तर कळते ना. आम्ही इथे काय खेळ खेळतो का. लिहून दिले होते, तोंडाने सांगितले होते, तरी तुम्ही बायका देवाधर्मात सगळे विसरता. ती ऐकत होती. हात मांडीवर, मान खाली. प्रत्येक शब्द माझा होता आणि तो तिच्या अंगावर पडत होता, आणि मी बाजूच्या खुर्चीवर गप्प बसलो होतो. डॉक्टरबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाई, अब से आप खुद खिलाना. इन पर मत छोड़ना."

"हाँ," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर आम्ही बाकावर बसलो. मी विचारले, "का केलंस असं?"

"मग काय करू? तुम्ही सांगणार होतात?"

मी फाइल पिशवीत घालू लागलो.

"बाईमाणसाला रागावतात आणि सोडून देतात," ती म्हणाली. "तुमच्यावरचा भरवसा गेला असता तर पुढं त्यांनी तुमचं काही ऐकलं असतं? फाइल तुम्ही घेऊन फिरता, बोलता तुम्ही. मला काय, मी नुसती खुर्चीवर बसते." मग म्हणाली, "आणि त्या दिवशी चार लोकांत मी कशी म्हणू की हे खोटं बोलतात? तुम्हाला तर नीट खोटं पण बोलता येत नाही. कान लाल होतात."

ती हसली. मी हसलो नाही. मला वाटत होते तिने एकदा तरी ओरडावे, बाकावर, सगळ्यांसमोर. तिने पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला आणि बाटली माझ्यापुढे केली.

डॉक्टरबाईंनी विचार करून तेच औषध पुन्हा द्यायचे ठरवले. गोळ्या दोन्ही वेळी, वर जादा इंजेक्शने, आणि औषध अगदी थेंबाथेंबाने. त्या स्वतः तिच्याजवळ उभ्या होत्या. मी समोर बसून तिच्या गळ्याकडे बघत होतो, लाल होतो का. संध्याकाळपर्यंत चालले. काही झाले नाही. पुढचे डोसही तसेच पार पडले. प्रत्येक वेळी पहाटे मी तिच्या तळहातावर पाच गोळ्या ठेवायचो आणि ती म्हणायची, "मोजल्या का?" बोलायचे तेवढेच.

दीड वर्ष बरे गेले. एकदा गावीही जाऊन आलो, कानबाईला. मग आजार परत आला, यकृतात. मधल्या त्या उशिराने काही फरक पडला का, हे मी डॉक्टरबाईंना कधी विचारले नाही. विचारायचे तर आधी खरे सांगावे लागले असते. ती शेवटच्या महिन्यात होती तेव्हाही मी म्हटले नाही की माझे चुकले. तिला ठाऊकच आहे, मग बोलायचे कशाला, अशी मी समजूत घातली. आता वाटते, ठाऊक असलेलीच गोष्ट माणसाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची असते. ती वाट बघत होती का, कोण जाणे. कधी कधी पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहायची. मी विचारायचो, काही हवं का? ती म्हणायची, काही नाही.

गोळ्यांची गोष्ट भाऊबंदांत कशी पसरली ते मला ठाऊक आहे. वहिनीला मीच सांगितली, बायकोने डॉक्टरांना सांगितली तशी. तिने दिलेले खोटे मी घरापर्यंत आणले.

तिच्या जाण्यानंतर मी अधूनमधून तापीवर जातो, कामावरून सुटलो की. कठड्याशी उभा राहतो. पाणी कधी असते, कधी नुसता गाळ असतो आणि वास. कोणी सोबत नसते, तरी मी कठड्याजवळ एका माणसाची जागा सोडून उभा राहतो. एकदा एक तरुण जोडपे तिथे येऊन उभे राहिले, फोटो काढायला. मी बाजूला झालो, पण मला राग आला होता.

या वर्षी कानबाई भावाच्या घरी होती. माझी मुलगी आली होती, तिचे लग्न झाले आता, बमरोलीला दिली आहे. ती वहिनीजवळ रोट थापत बसली होती. आरती व्हायची होती. कोणीतरी मुलीला विचारले, "तुझ्या लक्षात आहे का सगळं करायचं? आईवर नको जाऊ बाई." सगळे हसले. मुलगीही हसली आणि म्हणाली, "हो ना, मम्मी तर औषधाच्या गोळ्यापण विसरायची."

तिचे ते हसणे मला सहन झाले नाही. तिच्या आईबद्दल ती जे सांगणार, ते तिची मुले ऐकणार, आणि आणखी वीस वर्षांनी तिची आई एवढीच उरणार, गोळ्या विसरणारी. मी उभा राहिलो. उभे राहायची गरज नव्हती, पण राहिलो.

"ती विसरली नव्हती," मी म्हणालो. "तिनं वेळेवर मागितल्या होत्या. मी तिच्या हातातून घेतल्या आणि खिशात ठेवून विसरलो. दवाखान्यात खोटं मी बोललो. तिनं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

 भावाने माझ्याकडे बघून नजर वळवली. वहिनी पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "आवं भाऊ, हाई आते सांगानी येळ शे का? नैवेद्य व्हऊ द्या पहिले." मी खाली बसलो. मुलगी रोट थापत राहिली. तिचा हात थांबला नाही, पण थापता थापता तो रोट फार पातळ झाला आणि वहिनीने तो तिच्या हातातून काढून घेतला.

जाताना मुलगी माझ्या पाया पडली नाही. आठवडाभर तिचा फोन आला नाही. मी केला तर जावईबापू घेत, ती कामात आहे म्हणत. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मी डबा घेऊन कारखान्याच्या मागच्या जिन्यावर आलो, कारण आत मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

"पप्पा, मम्मी कधी बोलली तुम्हाला यावरून?" तिने विचारले.

"नाही."

"एकदापण नाही?"

"नाही."

  मग ती म्हणाली, "मग मी बोलते."

आणि ती बोलायला लागली. तिच्या मराठीत गुजराती येते, रागात हिंदी येते, सगळे एकत्र येत होते. तुम्ही सिस्टरला हाक का नाही मारली. आम्हाला तरी सांगायचं ना, मी बारावीला होते, लहान होते का. ती तिथे शिव्या खात होती आणि तुम्ही बसून राहिलात, पप्पा, बसून राहिलात. इतकी वर्षं आम्ही हसलो तिच्यावर, तुम्ही हसू दिलंत. तिचा आवाज वर चढला की शेवटी जरा फाटायचा, तिच्या आईचा फाटायचा तसाच. बायको माझ्यावर अशी कधी ओरडली असती तर ते कसे वाटले असते, याचा मी तीन वर्षे विचार करत होतो.

मध्येच ती थांबली. दम लागला होता तिला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो. "बोल."